जांबोटीच्या मारुतीची बायको

आजारपणावर लिहिणारी माणसं सुरुवातीलाच सांगतात, की आजारानं त्यांना खूप काही शिकवलं. मला आजारानं जळायला शिकवलं.

तसं थोडंफार आधीही येत होतं. जावेच्या नव्या फ्रीजवर, वैनीच्या ऐसपैस घरावर, शेजारणीच्या नळाला आमच्यापेक्षा जास्त वेळ येणाऱ्या पाण्यावर मी गल्लीतल्या इतर बायकांइतकीच जळत होते. पण छातीत गाठ निघाली आणि या कामात माझा चांगला हात बसला. आता उपचार संपलेत, डोक्यावर आखूड का होईना केस आलेत, तपासणीला जाते तेव्हा डॉक्टरीणबाई हसून बोलतात. म्हणून लिहायला बसले आहे.

लिहायचं कारण एकच. भीती वाटेल, उलट्या होतील, केस जातील, तोंडाची चव जाईल, हे सगळं मला लोकांनी आधी सांगितलं होतं. रस्त्यानं चाललेल्या कुठल्याही धडधाकट बाईला थांबवून "तुला का नाही झालं गं?" असं विचारावंसं वाटेल, हे कुणी सांगितलं नव्हतं. तसं ज्यांना आज वाटतंय त्यांच्यासाठी हे लिहिते. वाटू द्या. त्यानं गाठ वाढत नाही, मी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलंय.

तीन भाषांत

आमचं घर बेळगावच्या शहापुरात. पुढं दोन खोल्या, मागच्या अंगाला पत्र्याची शेड, शेडमध्ये चार माग. साड्या विणतो. माग हे चालवतात आणि जोडीला एक कामगार आहे. कांड्या भरायचं काम माझं. मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात सुताची कांडी बसते, ती भरून ठेवायची, संपली की दुसरी द्यायची. लग्न होऊन आले तेव्हापासून कांडीच्या यंत्राजवळची ती बैठक माझीच.

'हे' म्हणजे माझे यजमान. बोलण्यात भलते कंजूस. मागांच्या खडखडाटात बोलून उपयोग नसतो, म्हणून आमच्याकडं सगळेच खुणांनी बोलतात. पण माग बंद झाले की बाकीच्यांची तोंडं सुटतात, ह्यांचं सुटत नाही. लग्नानंतर पहिली काही वर्षं मला वाटायचं, माणूस लाजतोय. मग वाटलं, रागावलाय. मग मी वाटून घेणं सोडून दिलं.

निदानाच्या दिवशी हे सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी कागद बघून शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मग सिस्टरला कन्नडमध्ये विचारलं, ऑपरेशनला जवळचा दिवस कुठला रिकामा आहे. शेवटी माझ्याकडं वळून मराठीत म्हणाल्या, "मावशी, घाबरायचं नाही." कन्नड मला येतं आणि इंग्रजी कळण्यापुरतं कळतं. त्यामुळे एकच वाईट बातमी मला तीनदा मिळाली.

बाहेर येऊन रिक्षात बसलो. मी ह्यांच्या तोंडाकडं बघत होते. आता काहीतरी बोलतील, निदान हात तरी धरतील. रिक्षा कॉलेजच्या चढावर आली तेव्हा हे म्हणाले, "उद्या सांधणी हाय. लवकर घरी जायला पायजे."

सांधणी म्हणजे मागावरचा उभ्या धाग्यांचा ताणा संपत आला की त्याच्या एकेका धाग्याला नव्या ताण्याचा एकेक धागा जोडायचा. किचकट काम, करणारा माणूस सांगून ठेवावा लागतो, हे मलाही ठाऊक आहे. पण मला कॅन्सर झाला होता आणि ह्यांना सांधणी होती. त्या दिवशी मी रडले नाही. मी ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं.

वॉर्डात

ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून औषधं सुरू झाली. दर खेपेला मला ठेवून घ्यायचे, कारण माझं रक्त कमी व्हायचं. बायकांचा वॉर्ड, खिडकीतून दिसणारं पार्किंग, फिनेलचा वास. सिस्टर सकाळ-दुपार येऊन कन्नडमध्ये विचारायची, "ऊट आयता?" जेवण झालं का? आणि समोरच्या खाटेवरची बाई दरवेळी ठणठणीत आवाजात "आयतू" म्हणायची. तिचं जेवण होतं यावरही मी जळायचे. माझ्या तोंडात नुसतं लोखंड चोखल्यासारखं व्हायचं.

कुणाकुणावर म्हणून जळले, सांगून संपणार नाही. पलीकडच्या कोपऱ्यातल्या पोरीची आई तिच्या पायांना तेल लावायची, तिच्यावर. झाडायला येणाऱ्या बाईची वेणी कमरेखाली होती, तिच्यावर तर मी रोज नव्यानं जळायचे. माझी लेक गडहिंग्लजला दिलेली, तिचे दिवस भरत आले होते, तिला प्रवास नको म्हणून मीच येऊ नको सांगितलेलं. तरी दुसऱ्यांच्या लेकी आल्या की मी भिंतीकडं तोंड करून झोपायचे.

पण सगळ्यात जास्त जळले ती सुनंदावर. मी दवाखान्यात गेल्यावर ह्यांनी कांड्या भरायला तिला बोलावलं. खासबागेतली बाई, कामाला चलाख, वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान. काम थांबवून चालणार नाही हे मला कळत होतं. पण माझ्या बैठकीवर, माझ्या हातानं गुळगुळीत झालेल्या त्या फळीवर दुसरी बाई बसली आहे, हे डोळ्यासमोर आलं की सलाईनची सुई ओढून काढावीशी वाटायची. त्यात रोजचा डबाही तिचाच. पहिल्या दिवशी मी विचारलं, "कुणी केलं?" हे म्हणाले, "सुनंदानं."

डब्यात भाकरी, मऊ भाजी, कधी ताकातली कढी. आणि एक गोष्ट रोज. भाकरीचा एक तुकडा मोडलेला, भाजीच्या वाटीत चमच्याएवढा खड्डा. कुणीतरी माझ्या आधी खाल्लेलं. मी मनात म्हणायचे, माझी बैठक घेतली, चूल घेतली, आता उष्टंही मलाच.

भेटायच्या वेळेला हे यायचे. खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे, लोखंडी दांडा धरायचे आणि म्हणायचे, "बरं हाय न्हवं?" मी "व्हय" म्हणायचे. मग थोडा वेळ सलाईनच्या बाटलीकडं बघून जायचे.

चालणारा एक कान

शेजारच्या खाटेवर पार्वतीआक्का होत्या. खानापूर तालुक्यातल्या, जांबोटीजवळच्या एका वाडीच्या. त्यांच्या गावाकडं भात, गुरं आणि दाट रान. बस चुकली की दिवस गेला. त्यांच्या नातवानं त्यांना बटणांचा छोटा फोन दिला होता, त्यात रेडिओ लागायचा. वॉर्डात आवाज केला की सिस्टर ओरडायची, म्हणून इअरफोन. त्या इअरफोनचा एकच कान चालायचा. त्यामुळे आक्का ऐकायच्या आणि मला सांगायच्या.

सकाळी एक कार्यक्रम लागायचा. नाव 'बोला, ऐकतोय'. लोकांनी फोन करायचा आणि आयुष्यात काय उलथापालथ झाली ते सांगायचं. ऐकणारी एक ताई होती. बेळगाव, निपाणी, चिकोडी, कुठून कुठून फोन यायचे. बहुतेक जण नाव बदलून बोलायचे. एक निवृत्त कंडक्टर होता, त्याला घरात बसवेना. निपाणीची एक बाई होती, तिनं पन्नाशीत नवरा सोडला आणि आता खानावळ चालवत होती. एका पोरीनं इंजिनिअरिंग सोडून गाई घेतल्या होत्या.

मला त्या सगळ्यांचा हेवा वाटायचा. ज्यांचं दुःख एका फोनमध्ये मावतं ती माणसं सुखीच म्हणायची.

मग एक दिवस आक्का म्हणाल्या, "आज आमच्याकडचा एकजण बोलला बघ. जांबोटीचा मारुती म्हणं. बायकोला तुझ्यासारखंच झालंय."

"ओळखता?"

"कुठला गं. जांबोटीत मारुती तीन. एकाची बायको रेड्यासारखी हाय, एकाचं लगीनच न्हाय, आन् तिसरा ऐंशीचा म्हातारा. नाव खोटं सांगितलं असंल."

"काय म्हणाला?"

"म्हणतोय, मी स्वयंपाक शिकलो. बायको दवाखान्यात हाय, तिच्या तोंडाला चव न्हाय. रोज पहाटं उठून करतो आन् तिला सांगतो शेजारणीनं केलंय. का तर म्हणं, ह्यानं केलंय कळलं तर ती उठून घरला येईल चूल सांभाळायला."

मी डब्यातल्या वाटीकडं बघितलं. सुनंदाच्या भाजीकडं. आणि त्या कुठल्या जांबोटीच्या बाईवर अशी जळले, की आक्कांना म्हणाले, "बास, पुढचं सांगू नका."

दुसऱ्या दिवशी मीच विचारलं, "आज आला होता का तो?"

मारुतीची बायको

तो रोज नाही यायचा, पण यायचा. आक्का त्याची वाट बघायच्या, मी त्याहून जास्त. एकदा त्यानं सांगितलं, बायकोचे केस गळायला लागले तेव्हा ती न्हाऊन झोपायला गेली आणि यानं न्हाणीतले सगळे केस वेचून काढले. सकाळी तिला दिसायला नकोत म्हणून. ताईनं विचारलं, "मग टाकून दिलेत?" तर भाजीत मीठ किती घालायचं ते विचारायला लागला म्हणे.

माझेही केस दोन खेपांच्या मधे घरी होते तेव्हाच गळाले होते. माझीही न्हाणी सकाळी स्वच्छ होती. मी मनात म्हटलं, सुनंदा कामाला खरंच चलाख आहे.

वाचताना तुम्हाला एव्हाना काहीतरी कळलं असेल. मला नाही कळलं. जळणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या घरातलं सगळं दिसतं आणि स्वतःच्या घरातलं काही नाही. मी त्या मारुतीच्या बायकोला मनात एक तोंडही दिलं होतं. गोरी, लाडावलेली, आजारातही नखरे करणारी. दुखणं दोघींचं सारखंच, पण तिला असला नवरा आणि मला खाटेचा दांडा धरून उभा राहणारा. ह्यांना एक दिवस मी म्हटलंसुद्धा, "जगात काही नवरे असे असतात म्हणे, बायकोसाठी रांधतात." हे म्हणाले, "असत्यात." आणि सलाईनच्या बाटलीकडं बघायला लागले.

त्याच रात्री झोप लागेना, आणि सकाळ झाल्या झाल्या मी निपाणीला अण्णाला, माझ्या थोरल्या भावाला, फोन केला. रडले. म्हटलं, ही खेप झाली की मला घेऊन जा. राहिलेले उपचार तिकडून करू, नाहीतर करायचेच नाहीत. मला त्या घरात परत जायचं नाही. अण्णा हळवा माणूस. म्हणाला, "शनवारी गाडी घिऊन येतो. काय बी काळजी करू नगंस."

ह्यांना मी एवढंच सांगितलं की बरं वाटेपर्यंत निपाणीला जाते. आणि घरून माझा करंडा आणायला लावला. हळदीकुंकवाचा, लाकडी, माझ्या आईनं लग्नात दिलेला. आमच्याकडं बाई चार दिवसांसाठी माहेरी गेली तर करंडा देव्हाऱ्याजवळच राहतो. तो सोबत नेणं म्हणजे काय, हे सांगायला लागत नाही.

हे संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. उशाशी ठेवला. "बरं हाय न्हवं?" म्हणाले. गेले.

थांब म्हणाले नाहीत. मी तेही पदराला बांधून ठेवलं.

वायर तुटली

शुक्रवारी सकाळी आक्कांच्या इअरफोनचा उरलेला कानही गेला. वायर तुटली. आक्का हळहळल्या, मग म्हणाल्या, "इकडं ये. बारीक लावू." फोन उशीखाली ठेवला आणि आम्ही दोघी दोन बाजूंनी उशीवर डोकं टेकून पडलो. तो कार्यक्रम मी स्वतःच्या कानानं पहिल्यांदाच ऐकत होते.

एक-दोन फोन झाले. मग उशीखालून आवाज आला, "नमस्कार ताई. जांबोटीवरनं मारुती बोलतोय." आवाज घोगरा, तोंडावर रुमाल धरल्यासारखा.

"बोला मारुतीदादा, ऐकतेय. पण तिकडे खडखड कसली चाललीय?"

"खडखड? कसली? काय न्हाय की. शांत हाय हितं."

आक्का पुटपुटल्या, "भाताची गिरण असंल."

मला आधी वाटलं, माझेच कान वाजतायत. औषधानं वाजायचे कधीकधी. पण हा आवाज कानातला नव्हता. खटाक… खट. खटाक… खट. उजवा ठोका खणखणीत आणि डावा उशिरा, दबका.

आमचा चार नंबरचा माग लंगडा आहे. त्याचा डावीकडचा चामडी पट्टा सैल पडलाय. तो बदला म्हणून मी किती दिवस भांडतेय, आणि हे किती दिवस "बदलतो" म्हणतायत. शहापुरात माग पुष्कळ असतील, पण असा लंगडणारा आमचाच.

विणकराच्या कानाला माग चालू असला की शांत वाटतं आणि बंद पडला की तो दचकतो. आमची लेक पाळण्यात असताना माग चालू असले की झोपायची, आणि लाईट गेली की रडत उठायची. जांबोटीचा शेतकरी म्हणून बोलायला हे शेडच्या दारात उभे होते, आत माग धडधडत होते आणि ह्यांना तो आवाजच वाटत नव्हता. असली चूक विणकराशिवाय कुणाच्या हातून होणार नाही.

आधी मी माग ओळखला, मग नवरा. आणि नवरा उशिरा ओळखला यात माझा काय दोष? इतकी वाक्यं सलग मी ह्यांच्या तोंडून कधी ऐकलीच नव्हती.

"ती माहेरला जाणार हाय ताई. उद्या तिचा भाऊ येणार हाय."

"थोड्या दिवसांसाठी?"

"तसंच म्हणाली. पण करंडा मागून घेतलाय तिनं. मीच नेऊन दिला."

"तुम्ही तिला थांब म्हणालात का?"

"न्हाय."

"का बरं?"

मग हे म्हणाले, "ती समोर असती ताई. समोर असली की माझं तोंड चालत न्हाय. तुमी माझ्या कोण लागता? कोण न्हाय. म्हणून येतंय बोलायला."

"तिला काय सांगायचं होतं तुम्हाला?"

"डाक्टरनी सांगितलं त्या दिवशी रिक्षात बसलो. तिच्या मनात काय चाललंय मला दिसत व्हतं. मला म्हणायचं व्हतं, भिऊ नको, मी हाय. आन् तोंडातनं सांधणी आली."

"सांधणी म्हणजे?"

"म्हंजे… भाताची."

आक्कांनी उशीवरचं डोकं उचललं. "भाताची कसली सांधणी? येडं हाय का काय हे?"

मी त्यांचा हात घट्ट धरला. उशीखालून हे म्हणत होते, "तेवढंच अडकून बसलंय बघा घशात. तवापासनं."

फोन संपला. ताईनं गाणं लावलं. आक्का डोळे पुसत म्हणाल्या, "कोण का असंना, लई नशीबवान बाई हाय बघ ती."

इतके दिवस जिच्यावर जळत होते ती बाई मीच निघाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण जरा वेळानं. आधी आली ती चीड. "भिऊ नको, मी हाय" हे माझं वाक्य होतं. माझ्या रिक्षातलं, माझ्या गाठीचं. ते ह्यांनी त्या ताईला दिलं. तिच्या जोडीला निपाणी, चिकोडी, खानापूर, झाडून सगळ्यांना दिलं. माझ्याच वाट्याला तेवढी सांधणी आली होती. सुनंदा राहिली बाजूला, आता मी त्या गोड आवाजाच्या बाईवर जळायला लागले. तिला काय, रोज नव्या माणसाचं ऐकायचं. मला एकाचंच ऐकायचं होतं.

मीठ

त्या संध्याकाळी हे आले. मी डबा उघडून भाकरीचा मोडलेला तुकडा बघितला, वाटीतला चमच्याचा खड्डा बघितला. आता कळलं, चाखून बघत होते.

"आज कुणी केलं?"

"सुनंदानं."

"मीठ कमी हाय."

"सांगतो तिला."

"तिला म्हणावं, चाखून बघताना मोठा घास घे. चिमूटभर खाऊन मीठ कळत न्हाय."

हे माझ्याकडं बघायला लागले. मग खाटेचा दांडा धरला. मी वाट बघत होते. वाटलं, आत्ता म्हणतील. थांब म्हणाले असते तर मी तिथंच करंडा त्यांच्या हातात दिला असता. "बरं हाय न्हवं?" हे म्हणाले.

मी सांगू शकले असते, मला सगळं ठाऊक आहे म्हणून. नाही सांगितलं. मागून घेतलेलं मला नको होतं. अशा बाबतीत मी हट्टी आहे.

शनिवारी अण्णा गाडी घेऊन आला. ह्यांनी माझी पिशवी गाडीत ठेवली, अण्णाशी पावसापाण्याचं बोलले आणि आपल्या गाडीला किक मारून निघून गेले. मी करंडा मांडीवर घेऊन बसले. आक्का दारापर्यंत आल्या होत्या. म्हणाल्या, "त्या मारुतीचं काय झालं ते मी ऐकून ठेवतो गं. भेटलीस की सांगतो." आमच्याकडं बायकाही 'ठेवतो', 'सांगतो' म्हणतात. त्यांना सांगायला हवं होतं, पण मारुतीची गोष्ट मला आणखी कुणाला द्यायची नव्हती.

हमरस्त्याला लागायच्या आधी मी म्हणाले, "अण्णा, शहापूरला घे."

"का गं? काय विसरलीस?"

"व्हय."

"काय?"

"घरी जायचं विसरले."

अण्णानं गाडी कडेला घेतली. "मंगल, तुझं डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं? तूच रडून फोन केलीस. तुझ्या वैनीनं खोली झाडून ठेवलीया."

"वैनीला म्हणावं, तिच्यावर मी आजपासनं जळणार न्हाय. तू मला घरी सोड."

तो काय समजला देव जाणे. सोडलं मात्र.

परत

शेडच्या दारात उभी राहिले तेव्हा सगळे माग चालू होते. ह्यांची पाठ माझ्याकडं होती. सुनंदानं आधी बघितलं आणि ती माझ्या बैठकीवरून ताडकन उठली. तिनं फळीवर स्वतःची उशी घातली होती. मग एकेक माग थांबला. ह्यांचा सगळ्यात शेवटी.

"या वैनी, बसा," सुनंदा म्हणाली.

"बस तू. मला अजून हात उचलवत न्हाय. डबा मात्र रोज बरा करत होतीस."

सुनंदा ह्यांच्याकडं बघत राहिली. "मी? मला कुठं मालकांनी स्वयंपाकघरात पाय ठेवू दिला? भाकरी करपल्याचा वास नुसता शेडपर्यंत येत व्हता."

हे मागाखाली वाकून काहीतरी शोधायला लागले. काही पडलेलं नव्हतं.

मी करंडा देव्हाऱ्याजवळ जागेवर ठेवला. जेवताना तो ह्यांना दिसला. घास हातात तसाच राहिला. मग भाकरी मोडली आणि एक तुकडा चाखून उरलेली माझ्या ताटात घातली. रविवारीही तसंच चाखून वाढलं.

सोमवारी सकाळी मी पुढच्या खोलीत पडले होते. कार्यक्रमाची वेळ झाली. खिडकीतून शेडचं दार दिसतं. हे बाहेर आले, रुमाल काढला, खिशातून मोबाईल काढला. आत माग चालूच होते. हे नंबर लावायला लागले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात मी असताना पुन्हा त्या ताईला? मी उशाशी असलेला फोन उचलला आणि ताईंचा लागायच्या आत माझा लावला.

ह्यांनी फोनकडं बघितलं. खिडकीकडं बघितलं. मी पडल्या जागेवरून हलले नाही. ह्यांनी बराच वेळ वाजू दिला, मग कानाला लावला.

"बोला, ऐकतेय," मी म्हणाले.

पलीकडं नुसता चार नंबरचा माग लंगडत होता. मला वाटलं, आता बंद करतील. पण ह्यांनी रुमाल तोंडावर धरला.

"जांबोटीवरनं मारुती बोलतोय."

"कुणाशी बोलायचंय?"

"मारुतीच्या बायकोशी."

"मीच हाय ती," मी म्हणाले. "बोला."

आणि सगळ्या बेळगावला आधीच सांगून झालेलं ते वाक्य ह्यांनी मला सांगितलं.